अनेसिम : एका ग्रीक नावाचा अर्थ व उगम

शास्त्रवाचन : फिलेमोनाला पत्र, वचने १ ते २५, कलस्सैकरांस पत्र ४ : ७–९.



गेल्या पावसाळ्यात एका लहानशा खेड्यातील मंडळीत बाप्तिस्म्याच्या पूर्वतयारीकरिता जाण्याचा प्रसंग आला. तान्ह्या मुलाच्या आईने त्याच्याकरिता 'अनेसिम' हे नाव योजिले होते. शब्बाथ शाळेत फिलेमोनाच्या पत्रावर पाठ झाला होता, व तो तिच्या मनात राहिला होता. मुलाचा बापही राजी होता. परंतु मुलाचे आजोबा, जे त्या मंडळीत पुष्कळ वर्षे वडील म्हणून सेवा करीत आले आहेत, ते गप्प होते. सायंकाळी ओसरीवर आम्ही दोघेच उरलो तेव्हा ते म्हणाले :

"पाळकसाहेब, अनेसिम हा गुलाम होता ना? आणि त्याच्या नावाचा अर्थ 'उपयोगी' असा आहे म्हणतात. माझा आजापण गावाला लई उपयोगी होता. पाटलाचा निरोप त्यानं न्यायचा, शिवेवर रातभर त्यानं जागायचं, मेलेलं ढोर त्यानं ओढायचं. पण उपयोगी आहे म्हणून कुणी त्याला ओट्यावर बस म्हटलं नाही. अख्खा गाव त्याचं नाव मोडून हाक मारायचा. तसलं नाव नातवाला कशाला?"

मी त्यांना म्हणालो, "आबा, तुमचा प्रश्न खरा आहे. मला थोडा अवधी द्या." बाप्तिस्म्यास अजून पंधरा दिवस होते. घरी आल्यावर ते लहानसे पत्र मी पुन्हा मूळ भाषेतून सावकाश वाचले. त्या अभ्यासात जे हाती आले ते येथे वाचकांपुढे ठेवीत आहे. कारण आबांनी विचारलेला प्रश्न आपल्या पुष्कळ घरांचा आहे.

१. शब्दाची घडण

अनेसिम हे रूप आपल्या मराठी शास्त्रातील होय. मूळ ग्रीक भाषेत हे नाव 'ओनेसिमॉस' असे आहे. ग्रीक भाषेत 'ओनिनेमि' असे एक जुने क्रियापद आहे. त्याचा अर्थ लाभ करून देणे, हित करणे, उपयोगी पडणे, असा होतो. त्याच्याशी संबंध असलेले 'ओनेसिस' हे नाम आहे. त्याचा अर्थ लाभ किंवा फायदा. आणि ह्याच कुळातील 'ओनेसिमॉस' हे विशेषण आहे. त्याचा अर्थ उपयोगी, लाभदायक, ज्यापासून फायदा होतो असा. आपल्याकडे 'यशवंत' हा शब्द जसा विशेषणही आहे व मनुष्याचे नावही आहे, तसेच हे.

ह्या कुळातील आणखी एक नाव नव्या करारात आहे. तीमथ्याच्या दुसऱ्या पत्राच्या पहिल्या अध्यायात अनेसिफर नावाच्या एका बंधूविषयी पौल मोठ्या कृतज्ञतेने लिहितो. ह्या मनुष्यास पौलाच्या बेड्यांची लाज वाटली नाही. अनेसिफर म्हणजे लाभ घेऊन येणारा. त्याचप्रमाणे ग्रीक राजा अलेक्झांडर आपल्या देशात आला तेव्हा त्याच्याबरोबर ओनेसिक्रिटॉस नावाचा एक नौकाधिकारी व लेखक होता. इ. स. पूर्वी ३२६ ह्या वर्षी तक्षशिलेजवळ त्याने दुभाष्यांच्या द्वारे आपल्याकडील नग्न तपस्व्यांशी संभाषण केले. त्याच्या नावाच्या आरंभीही हेच मूळ आहे. ह्यावरून असे दिसते की, हे मूळ स्वतः हलके नाही. स्वतंत्र व मानाच्या माणसांच्या नावांतही ते होते.

पुढे ख्रिस्ती लोकांबरोबर अनेसिम हे नाव दूरवर गेले. रशिया देशात ते 'अनिसिम' असे झाले, आणि त्यापासून 'अनिसिमोव' हे आडनावही निघाले. म्हणजे मराठी मंडळीतील मूल आणि रशियातील शेतकरी ह्यांचे नाव जवळजवळ एकाच उच्चाराचे असू शकते.

२. हे नाव कोण कोणास ठेवीत असे?

शब्दाचा अर्थ एक असतो, आणि तो शब्द कोणी कोणास लाविला ही गोष्ट दुसरी असते. आबांची शंका ह्या दुसऱ्या गोष्टीविषयी होती, आणि इतिहास त्यांच्या बाजूने साक्ष देतो.

अथेन्स नगरात स्वतंत्र नागरिकाच्या घरी मूल जन्मले म्हणजे दहाव्या दिवशी आप्तेष्टांस जेवण देऊन त्याचे नाव जाहीर करण्याची चाल होती. आपल्याकडे बाराव्या दिवशी बारसे करितात, तशीच ही गोष्ट. वडील मुलास बहुधा त्याच्या आजोबांचे नाव देत. ग्रीक नावांतून घरातील लोकांची आकांक्षा दिसे. फिलिप्प म्हणजे घोड्यांची आवड असणारा. हे मासेदोनियाच्या राजांचे नाव. स्तेफन म्हणजे मुगूट किंवा विजयाची माळ. अंद्रिया ह्या नावात पौरुष ह्या अर्थाचा शब्द आहे. तीमथ्य म्हणजे देवाचा मान राखणारा. आपल्या मंडळ्यांत ही नावे शंभर वर्षांहून अधिक काळ चालत आली आहेत, व कोणास त्यांविषयी संकोच वाटत नाही.

दासाची गोष्ट निराळी होती. ख्रिस्ताच्या पूर्वीच्या शतकातील वारो नावाच्या रोमी विद्वानाने भाषेविषयी लिहिताना एक उदाहरण दिले आहे. तीन माणसे इफिस येथे एकेक दास विकत घेतात. एकजण विकणाऱ्या आर्टेमिडोरस ह्याच्या नावावरून आपल्या दासास अर्तमा म्हणतो; दुसरा त्या योनिया प्रांतावरून त्यास योन म्हणतो; तिसरा इफिस नगरावरून त्यास इफिसी म्हणतो. वारोने हे केवळ शब्द कसे बनतात हे दाखविण्याकरिता लिहिले. त्यात त्यास काही विशेष वाटले नाही. परंतु आपण थांबून पाहावे. त्या तिघा दासांस आईबापांनी एखादे नाव दिले असेलच. बाजारात त्या नावाची किंमत शून्य झाली. बैल विकत घेणारा आपल्या मनास येईल ते नाव बैलास ठेवितो, तसेच हे झाले.

धन्यांनी दिलेल्या नावांत काही केवळ क्रमाची असत, काही शुभ शकुनाची असत, आणि काही कामाच्या अपेक्षेची असत. रोमकरांस लिहिलेले पत्र ज्याने पौलाच्या सांगण्यावरून लिहून काढिले त्याचे नाव तर्तिय, म्हणजे 'तिसरा'. त्याच अध्यायात क्वर्त आहे, म्हणजे 'चौथा'. फर्तूनात म्हणजे दैववान. कार्प म्हणजे फळ. अशी नावे धारण करणारे सर्वच दास होते असे नव्हे. पण दासांत ती फार प्रचलित होती. 'ओनेसिमॉस' हे ह्याच वर्गातील नाव होय. त्या काळच्या शिलालेखांत ते दासांचे व मुक्त झालेल्या दासांचे नाव म्हणून वारंवार आढळते. धन्याने खरेदी केलेल्या माणसापासून आपणास फायदा व्हावा, एवढीच इच्छा त्यात होती.

ॲरिस्टॉटल ह्या थोर ग्रीक तत्त्वज्ञान्याने दासास जिवंत हत्यार म्हटले आहे. रोमी कायद्याच्या दृष्टीने दासास बाप नव्हता. म्हणजे कायदा त्याचा बाप ओळखीत नव्हता. त्याचा विवाह कायदेशीर विवाह नव्हता. त्यात अनेसिम ज्या कलस्सै नगराशी संबंधित होता ते फ्रुगिया प्रांतात होते. फ्रुगियातील दास बाजारात पुष्कळ येत, आणि मार दिल्यावाचून ते सुधारत नाहीत अशा अर्थाची एक म्हण होती. सिसरो नावाच्या प्रसिद्ध रोमी वक्त्याने न्यायासनापुढील एका भाषणात तिचा उल्लेख केला आहे. जेथे माणसास हत्यार म्हणत, तेथे 'उपयोगी' हे नाव हत्याराच्या मुठीवर कोरलेल्या शब्दासारखे होते.

म्हणून आबांनी जे विचारिले त्यात चूक काही नव्हती. हे नाव आरंभी धन्याच्या फायद्याचे नाव होते.

३. पत्रात हे नाव कोठे येते?

आता पत्र उघडावे. ते अवघ्या पंचवीस वचनांचे आहे. पौल बंदिवासात आहे. फिलेमोन हा ज्याच्या घरी मंडळी जमते असा एक सज्जन ख्रिस्ती गृहस्थ आहे. अनेसिम त्याचा दास आहे. अनेसिमाने चोरी केली व तो पळाला, असे आपण शब्बाथ शाळेत सहज सांगून जातो. वस्तुतः पत्रात त्याच्या अपराधाचे वर्णन कोठेही नाही. तो काही काळ वेगळा झाला, असे पंधराव्या वचनात आहे; आणि त्याने काही अन्याय केला असेल किंवा तो काही देणे लागत असेल तर, असे अठराव्या वचनात आहे. पौलाने 'असेल तर' म्हटले तेथे आपण 'आहेच' म्हणू नये. गरीब माणसाविषयी अशी घाई जग नेहमीच करिते.

दहाव्या वचनाची ग्रीक वाक्यरचना अवश्य पाहावी. पौल विनंती आरंभितो : मी तुला विनवितो, कोणाविषयी? माझ्या लेकराविषयी, कोणते लेकरू? ज्याला मी बेड्यांत असताना जन्म दिला ते. आणि एवढे झाल्यावर, वचनाच्या अगदी शेवटी, अखेरचा शब्द म्हणून नाव येते : अनेसिम. फिलेमोनाच्या घरी जमलेल्या मंडळीपुढे हे पत्र मोठ्याने वाचिले गेले असेल तेव्हा ऐकणाऱ्यांच्या कानी प्रथम 'लेकरू' हा शब्द पडला. मग 'जन्म' हा शब्द पडला. आणि त्यानंतर, ज्या नावाने घरात पाणी व लाकडे मागविली जात होती, ते नाव ऐकू आले. कायद्याने ज्याला बाप नव्हता त्याला येथे, सर्वांच्या देखत, बाप मिळाला.

ह्यानंतर अकराव्या वचनात पौल नावाच्या अर्थाकडे वळतो. तो म्हणतो की, हा पूर्वी तुला निरुपयोगी होता. पण आता तुला व मला उपयोगी आहे. येथे तो नावातील शब्द न वापरता त्याच अर्थाची दुसरी जोडी वापरितो : 'अख्रेस्टॉस' म्हणजे निरुपयोगी, व 'यूख्रेस्टॉस' म्हणजे चांगला उपयोगी. त्या काळच्या बोलण्यात 'ख्रेस्टॉस' व 'ख्रिस्टॉस' ह्यांच्या उच्चारांत फार अंतर नव्हते; म्हणून 'अख्रेस्टॉस' ह्या शब्दात 'ख्रिस्तावाचून' हा ध्वनीही ऐकू येतो, असे काही भाष्यकारांचे मत आहे. तसेच 'यूख्रेस्टॉस' हा शब्द पौलाच्या नावाने असलेल्या दुसऱ्या एका पत्रात मार्काविषयी आला आहे (२ तीमथ्य ४ : ११). मार्क दास नव्हता. तो यरुशलेमेतील चांगल्या घरचा मुलगा. तोच शब्द दोघांस लाविला आहे. म्हणजे उपयोगी असणे हे दासाचेच काम राहिले नाही. ते शिष्याचे काम झाले.

परंतु क्रम विसरू नये. दहावे वचन अकराव्याच्या आधी आहे. लेकरू आधी, उपयोगी नंतर. धनी विचारी, हा माझ्या काय कामाचा? आणि त्यावरून त्याची किंमत ठरवी. पौल म्हणतो, हा माझे लेकरू आहे. आणि लेकरू झाला म्हणून तो उपयोगी झाला आहे. घरचे मूल काम करिते. विहिरीवरून पाणी आणिते, शेळ्या राखिते. पण काम करिते म्हणून ते घरचे नसते. ते आजारी पडून महिनाभर अंथरुणास खिळले तरी घरचेच राहते. मोलाचे मनुष्य व घरचे मूल ह्यांत एवढाच भेद आहे, आणि हा भेद आकाश व पृथ्वी ह्यांतील अंतराएवढा आहे.

४. नावाचा भार कोणावर पडला?

ह्यापुढे पौल जे करितो ते अधिक आश्चर्याचे आहे. तो अनेसिमास आपले काळीज म्हणतो. त्यास दास म्हणून नव्हे, तर दासापेक्षा अधिक, म्हणजे प्रिय बंधू म्हणून परत घ्यावे, असे सांगतो. मला जसे घेशील तसे त्याला घे, असे म्हणतो. जे काही देणे निघेल ते माझ्या खाती मांड, असे लिहून ते फेडण्याची हमी तो स्वतःच्या हाताने देतो. आपल्या खेड्यांत ज्यांनी सावकाराच्या वहीत दुसऱ्याकरिता जामीन म्हणून अंगठा उमटविला आहे, त्यांस ह्या वचनाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

मग विसावे वचन येते. तेथे पौल फिलेमोनास म्हणतो की, बंधू, प्रभूमध्ये मला तुझ्यापासून लाभ होऊ दे. येथे 'लाभ होऊ दे' ह्यास जे ग्रीक क्रियापद आहे ते आपण आरंभी पाहिलेले 'ओनिनेमि' हेच होय. संपूर्ण नव्या करारात हे क्रियापद ह्या एकाच ठिकाणी आले आहे. अनेसिमाच्या नावातील मूळ शब्द पौलाने ह्या एका क्षणाकरिता राखून ठेविला होता, असे म्हटले तरी चालेल. आणि तो त्याने दासास लाविला नाही, धन्यास लाविला.

ह्याचा अर्थ असा होतो : फिलेमोना, तू एका माणसास 'उपयोगी' म्हणून हाक मारीत आलास. आता त्या नावाप्रमाणे वागण्याची पाळी तुझी आहे. आता तू अनेसिम हो. इतकी वर्षे नावाचा भार एका माणसाच्या पाठीवर होता. प्रेषिताने तो उचलून दुसऱ्याच्या खांद्यावर ठेविला. आणि तोही रागाने नव्हे, तर 'बंधू' अशी हाक मारून.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. त्याला स्वतंत्र कर, असे उघड शब्द ह्या पत्रात नाहीत. एकविसाव्या वचनात मात्र पौल म्हणतो की, मी सांगतो त्याहूनही तू अधिक करशील हे मला ठाऊक आहे. हे 'अधिक' काय, हे त्याने फिलेमोनाच्या विवेकावर सोपविले. पण बंधू मानून ज्याला पंक्तीस घेतले त्याला दुसऱ्या दिवशी बाजारात विकता येत नाही, हे समजण्यास मोठी विद्या लागत नाही.

कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्राचा शेवटही ह्याबरोबर वाचावा. तेथे तुखिक व अनेसिम हे दोघे पौलाकडून निघाले आहेत. सातव्या वचनात तुखिकास प्रिय बंधू, विश्वासू सेवक व प्रभूमध्ये सहदास म्हटले आहे. नवव्या वचनात अनेसिमाची ओळख करून दिली आहे : विश्वासू व प्रिय बंधू, आणि तुमच्यापैकीच एक. त्याच्या ओळखीत दास हा शब्द नाही. उपयोगी हाही शब्द नाही. ज्यास सारे नगर दास म्हणून ओळखीत होते त्याच्या बाबतीत तो शब्द गाळिला, आणि दुसऱ्या बंधूस तो मानाने लाविला. 'तुमच्यापैकीच एक' हे शब्द ऐकून त्या मंडळीतील कोणी मान खाली घातली असेल, व कोणाच्या डोळ्यांत पाणीही आले असेल.

दुसऱ्या शतकाच्या आरंभी अंत्युखियाचा अध्यक्ष इग्नाती हा रोम येथे शिक्षेकरिता नेला जात असता त्याने इफिस येथील मंडळीस एक पत्र लिहिले. त्या मंडळीच्या अध्यक्षाचे नाव तो अनेसिम असे देतो, व त्याची फार स्तुती करितो. तो आपलाच अनेसिम असावा असे काही विद्वानांनी म्हटले आहे. इतरांनी ते मानिले नाही. पण एवढे तर निश्चित आहे की, जे नाव दासबाजारात ऐकू येत होते ते दोन पिढ्यांच्या आत एका मोठ्या मंडळीच्या अध्यक्षाचे नाव झाले होते, आणि त्याची कोणास लाज वाटत नव्हती.

५. तेच नाव, पण जुन्या अर्थाने

वाचकहो, येथेच थांबलो असतो तर हा पाठ गोड झाला असता, परंतु अपुरा राहिला असता. शास्त्रातील नाव ठेविले म्हणजे शास्त्राचा अर्थ आपोआप येतो, असे नाही. ह्याचे एक उदाहरण अमेरिकेत घडले आहे.

इ. स. १७०६ साली बॉस्टन शहरातील एका मंडळीने आपले पाळक कॉटन मेदर ह्यांस एक भेट दिली. ती भेट म्हणजे आफ्रिकेतून आणिलेला एक दास होता. मेदर हे मोठे विद्वान व शास्त्रनिष्ठ गृहस्थ होते. त्यांनी त्या माणसाचे नाव अनेसिम ठेविले. त्याच वर्षी त्यांनी एक पुस्तिका छापविली. दासांस ख्रिस्ती शिक्षण द्यावे, असा धन्यांस त्यांनी तीत उपदेश केला. आणि बाप्तिस्मा झाल्याने दास स्वतंत्र होत नाही, असा दिलासाही दिला. म्हणजे फिलेमोनाच्या पत्रातून नाव घेतले, पण सोळावे वचन तेथेच ठेविले.

ह्या अनेसिमाने एक दिवस आपल्या धन्यास सांगितले की, त्याच्या देशात देवीच्या रोगापासून रक्षण होण्याकरिता निरोगी माणसाच्या कातडीस बारीक जखम करून तीत देवीच्या फोडातील पू थोडासा लावितात. त्यामुळे सौम्य ताप येऊन मनुष्य पुढे सुरक्षित राहतो. त्याच्या स्वतःच्या अंगावर तसा व्रण होता. इ. स. १७२१ साली बॉस्टनमध्ये देवीची भयंकर साथ आली. तेव्हा मेदर ह्यांच्या सूचनेवरून झॅब्डिएल बॉयल्स्टन नावाच्या वैद्याने, लोकांचा मोठा रोष पत्करून, सुमारे अडीचशे माणसांस ह्या रीतीने टोचिले. त्यांपैकी सहा दगावली. ज्यांस आपोआप रोग झाला त्यांच्यात शंभरांत सुमारे चौदा मेली. जेन्नर ह्यांनी गाईच्या देवीची लस शोधिली ती ह्यानंतर पाऊणशे वर्षांनी, म्हणजे १७९६ साली.

एका दासाच्या ज्ञानाने एका शहरातील पुष्कळांचे प्राण वाचले. ह्याहून 'उपयोगी' कोण असेल? तरी त्यास पूर्ण स्वातंत्र्य मिळाले नाही. १७१६ साली त्याने आपल्या जागी दुसरा दास घेण्याकरिता पैसे भरून काहीशी सुटका मिळविली. पण बोलाविले असता कामास येण्याची अट राहिलीच. त्याच्या आईबापांनी त्यास दिलेले नाव कोणी लिहून ठेविले नाही. मूळ नाव गेले, आणि 'उपयोगी' एवढेच उरले.

ह्याच बॉस्टन शहरात पुढे १८१० साली स्थापन झालेल्या अमेरिकन मिशन बोर्डाचे कार्यालय होते, व त्याच बोर्डाचे पहिले मिशनरी १८१३ साली मुंबईस येऊन पोहोचले. त्यांच्या श्रमांतून आपल्यापैकी अनेक मंडळ्या उभ्या राहिल्या, त्याबद्दल आपण देवाचे आभार मानितो. परंतु आभार मानणाऱ्याने स्मरणही ठेवावे. चांगली माणसे, शास्त्र हातात असतानाही, दहावे वचन सोडून अकराव्या वचनावर घर बांधू शकतात. ही भीती त्यांच्याइतकीच आपणांसही आहे.

६. आपल्या मंडळ्यांकरिता

आबांच्या आजोबांस गाव उपयोगी म्हणत होता तो काळ कायद्याने संपला. १९५८ सालच्या कायद्याने महार वतनासारखी गावकीची कनिष्ठ वतने रद्द झाली. पण माणसाची किंमत त्याच्या उपयोगावरून करण्याची सवय कोणत्याही कायद्याने रद्द झालेली नाही. ती आपल्या घरांतही आहे. कमावता मुलगा जेवावयास बसला म्हणजे ताट आधी त्याच्यापुढे येते. अंथरुणावरील म्हाताऱ्या आत्याबाईचे ताट मागून येते. ज्या सुनेस मूल झाले नाही तिला काय ऐकावे लागते हे येथे लिहिण्याची गरज नाही. मंडळीतही वर्गणी देणाऱ्याचे नाव सर्वांस पाठ असते. झाडलोट करणाऱ्या बाईस पुष्कळांनी तिच्या पूर्ण नावाने कधी हाक मारिलेली नसते.

नावे मोडण्याची आपल्याकडील चाल सर्वांस ठाऊक आहे. मोठ्या घरच्या मुलास 'राव' व 'पंत' लागत. गरीब घरच्या मुलाच्या नावाचे शेपूट तोडून त्यास 'या' लावीत. शिवाय मूल जगावे म्हणून धोंडू, दगडू, केरू अशी नावे आईबाप प्रेमाने ठेवीत. त्यांत मायाच होती. ते प्रेम न पाहता गाव मात्र ती नावे केर व दगड ह्यांच्या भावाने उच्चारीत असे. म्हणून नाव कोणते, ह्याइतकाच, ते कोण कोणत्या भावाने उच्चारितो, हाही प्रश्न आहे. धन्याच्या तोंडी अनेसिम म्हणजे हत्यार. पौलाच्या तोंडी अनेसिम म्हणजे लेकरू, काळीज, बंधू. आणि मग, आनंदाने व आपल्या खुशीने, उपयोगी.

पंधरा दिवसांनी पुन्हा त्या गावी गेलो. आबांबरोबर ओसरीवर बसून पत्र वचनावचनाने वाचिले, व वर लिहिलेल्या गोष्टी साध्या शब्दांत त्यांस सांगितल्या. नाव ठेवाच, असा आग्रह केला नाही; ज्यांच्या घराण्याने ते दुःख भोगिले त्यांसच तो निर्णय करण्याचा अधिकार. विसाव्या वचनाशी आबांनी थांबविले व ते पुन्हा वाचावयास सांगितले. मग काही वेळाने ते म्हणाले, "म्हणजे पौलानं मालकालाच कामाला लावलं." मी म्हटले, "होय आबा, तसंच."

रविवारी बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाचे नाव विचारिले तेव्हा उत्तर आईबापांनी द्यावयाचे होते. ते आबांनीच दिले. विधी आटोपल्यावर त्यांनी घरच्या सर्वांस एक ताकीद दिली : ह्या पोराला कोणी 'अनेश्या' म्हणायचे नाही, हाक मारायची ती पुऱ्या नावाने.

देव करो आणि त्या बाळास त्याच्या नावाचा अर्थ योग्य क्रमाने कळो. आणि आपणां सर्वांस, जे कोणाचे ना कोणाचे धनी किंवा धनीण आहोत, विसाव्या वचनाचे उत्तर आपल्या वागण्याने देण्याची कृपा मिळो.

मननासाठी व शब्बाथ शाळेच्या वर्गासाठी प्रश्न

(१) फिलेमोनाच्या पत्राचे दहावे व अकरावे वचन वाचा. 'लेकरू' व 'उपयोगी' ह्या शब्दांचा क्रम उलटा असता तर अर्थात काय फरक पडला असता?

(२) कलस्सैकरांस ४ : ७–९ ह्या वचनांत तुखिक व अनेसिम ह्यांची ओळख कशी करून दिली आहे? कोणता शब्द एकास आहे व दुसऱ्यास नाही?

(३) तुमच्या घरात किंवा मंडळीत ज्याची आठवण केवळ कामाच्या वेळी होते असे कोण आहे? येत्या आठवड्यात त्यास कोणत्या नावाने व कोणत्या भावाने हाक माराल?